राजपत्राची सुलतानी

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. दिल्लीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाने त्या दिवशी एक अधिसूचना काढली. तिच्यातला तक्ता पाहण्यासारखा होता. एका रकान्यात कांद्याचे चालू निर्यात धोरण: ‘मुक्त’. शेजारच्या रकान्यात सुधारित धोरण: ‘निषिद्ध’. बस्स. एक शब्द गेला, दुसरा आला, आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद झाली. दुसऱ्या दिवशी लासलगाव, चांदवड, उमराण्याचे लिलाव बंद पडले आणि मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले. खरिपाचा लाल कांदा तो. उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून ठेवावा आणि भाव चढला की बाहेर काढावा, अशी त्याची जात नाही. काढला की विकावाच लागतो, नाहीतर डोळ्यांदेखत सडतो. ट्रॉली भरून बाजार समितीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला कळले ते इतकेच, की आपण झोपलो तेव्हा जो कायदा होता तो उठलो तेव्हा राहिलेला नाही.

कोणी बदलला हा कायदा? संसदेने नाही. कोणी विधेयक मांडले नाही, कोणी भाषण केले नाही, मतदान झाले नाही. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने सरकारला आदेश काढण्याचा अधिकार दिलेला आहे, तो वापरून महासंचालनालयाने राजपत्रात चार ओळी छापल्या आणि नाशिक जिल्ह्याचे अर्थकारण उताणे पाडले. अस्मानी संकट परवडले म्हणायची वेळ आली आहे. गारपीट येते तेव्हा निदान ढग दिसतो, गार हातात धरता येते, पंचनाम्याला तलाठी येतो. ही सुलतानी राजपत्रातून येते. तिला ढग नाही, गडगडाट नाही, पंचनामा नाही.

आणि याहून संताप आणणारी गोष्ट पुढे आहे. त्या दिवशी संसद बंद नव्हती. ४ डिसेंबरलाच हिवाळी अधिवेशन सुरू झाले होते. ज्या शुक्रवारी लासलगावचे लिलाव थांबले त्या शुक्रवारी, ८ डिसेंबरला, लोकसभा आपल्याच एका महिला सदस्याची हकालपट्टी करण्यात गुंतलेली होती. पाच दिवसांनी दोघा तरुणांनी सभागृहात उडी टाकून रंगीत धूर सोडला. त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, अशी मागणी करणाऱ्या विरोधकांपैकी दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ जण त्या अधिवेशनात निलंबित झाले. २१ तारखेला अधिवेशन आटोपले. कांद्यावर ओरड झाली, घोषणा झाल्या, फलक झळकले. पण हा आदेश रद्द करा किंवा बदला, असा प्रस्ताव काही मतास पडला नाही. ज्यांच्या हाती कुऱ्हाड होती ते फलक धरून उभे राहिले.

होय, कुऱ्हाड होती. हेच आज आम्हाला सांगायचे आहे. मंत्र्यांना आणि सचिवांना आम्ही सोडणार नाहीच, पण आमचा खरा राग खासदारांवर आहे. चोर चोरी करणारच. राखणदाराने दाराला आतून कडी घालून झोपावे, याला काय म्हणायचे?

संसद जो कायदा करते तो आजकाल निम्माअधिक सांगाडाच असतो. रक्तमांस भरायचे काम मंत्रालयाकडे सोपवलेले असते आणि त्या सोपवण्याचा परवलीचा शब्द आहे ‘विहित’. विहित नमुन्यात अर्ज करावा. विहित शुल्क भरावे. विहित करण्यात येईल अशा प्राधिकाऱ्याकडे, विहित मुदतीत, विहित रीतीने अपील करावे. आमच्या आजोबांना विहित कर्म म्हटले की संध्या-पूजा आठवे, आम्हाला उपसचिव आठवतो. कोणताही अलीकडचा कायदा उघडा आणि हा शब्द मोजत बसा, बोटे संपतील. २०२३ चा दूरसंचार कायदा घ्या. तो याच डिसेंबरात, विरोधी बाके अर्धी रिकामी असताना, २० तारखेला लोकसभेने आणि २१ तारखेला राज्यसभेने मंजूर केला. तुमच्या गावातले इंटरनेट कोण, कशावरून, किती दिवस बंद करणार, तुमचा फोन कोण ऐकणार, याचा तपशील त्यात शोधू नका. तो नियमांत आला, २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, राजपत्रातून. त्यावर लोकसभेत किती तास चर्चा झाली, असे कोणी विचारले तर खासदारसाहेब कानाला मोबाइल लावून निघून जातील.

नियम करायचा अधिकार सरकारला देऊच नये, असे म्हणण्याइतके आम्ही खुळे नाही. औषधातल्या घटकाचे प्रमाण, बॉयलरची जाडी, मीटरच्या रीडिंगची तारीख संसदेने ठरवत बसू नये. पण घटनाकारांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. १३ व्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दाची व्याख्या करताना त्यांनी आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना अशी सगळी नावे घेतली. नियम हा कायदाच, त्याचे बळ कायद्याचे, त्याची शिक्षा कायद्याची. मग त्याची छाननीही कायद्यासारखीच व्हायला नको काय?

त्यासाठी एक व्यवस्था आहे. जवळजवळ प्रत्येक केंद्रीय कायद्याच्या शेपटाकडे एक कलम असते: या कायद्याखाली केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस ठेवावा, आणि दोन्ही सभागृहांचे एकमत झाले तर त्यात फेरफार करावा किंवा तो रद्द करावा. विदेश व्यापार कायद्यातही हे आहे. वाचायला किती छान! आता ही ३० दिवसांची छाननी कशी होते, ते संसद टीव्ही लावून एकदा डोळ्यांनी पाहा.

दुपारचे बारा वाजतात. प्रश्नोत्तराचा तास संपलेला असतो किंवा गदारोळात वाहून गेलेला असतो. पीठासीन अध्यक्ष पुकारतात: पटलावर ठेवायची पत्रे. एक मंत्री उठतात, माझ्या नावासमोर नोंदलेली पत्रे मी पटलावर ठेवतो असे एका दमात म्हणतात आणि खाली बसतात. दुसरे उठतात, तेच वाक्य. तिसरे मंत्री आलेलेच नसतात, म्हणून त्यांचीही पत्रे चौथेच ठेवतात. त्या पत्रांत काय आहे ते कामकाजाच्या यादीत बारीक टायपात असते. सा.का.नि. अमुक, का.आ. तमुक, राजपत्राची तारीख, संपले. अर्धे सभागृह उभे राहून बोलत असते, उरलेले आसनाकडे धावायच्या तयारीत असते. पंगतीत मीठ वाढायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात डझनभर अधिसूचना ‘ठेवल्या’ जातात. मधूनच एखादे मंत्री आणखी एक कागद ठेवतात: पत्रे ठेवायला उशीर का झाला, याची कारणे देणारे निवेदन. तेही कोणी वाचत नाही. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी अक्षता टाका म्हणतात तेव्हा यजमान पाटावर बसून जसा टाकतो, तशी ही आपली संसदीय छाननी. मंत्र म्हणायचा, अक्षत टाकायची, प्रसादाकडे लक्ष.

आणि समजा एखाद्या खासदाराने ती अधिसूचना उचललीच, वाचलीच, रद्द करण्याचा प्रस्ताव दिलाच, तरी कायद्याची रचना अशी की त्याचा हात पोचू नये. एका सभागृहाने नाही म्हणून भागत नाही, दोन्ही सभागृहांनी म्हणावे लागते. लोकसभेत ज्यांचे बहुमत त्यांचेच सरकार, मग हे घडणार केव्हा? त्यातून घडलेच, तरी तोवर त्या नियमाखाली जे काही केले गेले ते वैधच राहते, असे तेच कलम पुढे सांगते. सडलेला कांदा वैध रीतीने सडला! बरे, नियम सभागृहापुढे ठेवलाच नाही तर? तर काही बिघडत नाही. अ‍ॅटलस सायकल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकाअखेर सांगून टाकले, की हे पटलावर ठेवणे निदेशात्मक आहे, न ठेवल्याने आदेश आपोआप बाद ठरत नाही. तो खटला जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा होता, हे विशेष. म्हणजे शेतकऱ्याच्या आणि ग्राहकाच्या ताटाशी ज्या कायद्याचा सर्वांत जवळचा संबंध, त्याच्यातूनच ही पळवाट निघाली.

हे सारे असे होऊ नये म्हणून एका माणसाने खटपट केली होती. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, दादासाहेब. कोकणातले मूळ, बडोद्याचा जन्म, अहमदाबादची कर्मभूमी. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १ डिसेंबर १९५३ रोजी, लोकसभेची दुय्यम विधिविधानावरची समिती उभी राहिली. १५ सदस्य, त्यांत मंत्री कोणी नको. मंत्रालयाने केलेला नियम मूळ कायद्याच्या चौकटीबाहेर जातो काय, कर लादतो काय, न्यायालयाचा दरवाजा बंद करतो काय, मागच्या तारखेपासून लागू होतो काय, हे तपासायचे. अकरा वर्षांनी राज्यसभेनेही अशीच समिती नेमली. कल्पना नामी होती. आज या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, अहवाल येतात तेव्हा नियम जुने होऊन गेलेले असतात आणि शिफारसी बंधनकारक नसतात. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण ज्याने रचली त्याने बहुधा या अहवालांपैकीच एखादा वाचला असावा. समितीतल्या सदस्यांना आमचा एक साधा सवाल आहे. तुमच्या मतदारसंघात कोणाला ठाऊक आहे काय, की तुम्ही या समितीवर आहात? तुम्हाला स्वतःला आठवते काय?

आता घराजवळ या. ९ फेब्रुवारी २०२४. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षण हक्काच्या नियमांत दुरुस्ती करणारी अधिसूचना काढली. संसदेने २००९ साली केलेल्या कायद्यात १२ वे कलम आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात, असे ते सांगते. कायद्याने दिलेली ती जागा मुंबईतल्या त्या अधिसूचनेने अशी काढून घेतली: शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. अहो, मुंबई-पुण्यात कोणत्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही? वर्तुळ काढा आणि पाहा. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोरीसाठी संसदेने उघडलेले दार एका परिपत्रकी मेंदूने कंपास घेऊन बंद केले. कायद्यात कुठे ‘एक किलोमीटरपर्यंत सूट’ असे आहे? नाही. मग नियमात कुठून आले? कायदा बाप आणि नियम पोरगा. पोराने बापाचेच घर विकायला काढले!

त्या अधिसूचनेनंतर तीनच आठवड्यांत राज्याचे अर्थसंकल्पी अधिवेशन होऊन गेले. पुढे पावसाळी अधिवेशनही झाले. अधिसूचनेला मूठमाती मिळाली ती मात्र विधान भवनात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी तिला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हात घातला नाही. तोवर जूनच्या मध्यावर शाळा भरून गेल्या होत्या. इकडे पालक सोडतीच्या निकालाची वाट पाहत मोबाइल घासत होते, तिकडे शेजारच्या पोरांची पहिली चाचणी जवळ आली होती. २८८ आमदार आणि विधान परिषदेतले ज्येष्ठ. एका नियमावर त्यांनी जे करायला हवे होते, ते करायला याचिका कराव्या लागल्या, वकील द्यावे लागले, तारखा झेलाव्या लागल्या. नागपूरला आठवडाभराचे हिवाळी अधिवेशन भरवून हुरड्याच्या पार्ट्या झोडणाऱ्या मंडळींनी याची लाज धरायला हवी. विधिमंडळालाही नियम तपासणारी समिती आहे. तिने त्या एका किलोमीटरचे वर्तुळ वेळेत पाहिले असते, तर पालकांचा उन्हाळा कोर्टाच्या पायऱ्यांवर गेला नसता.

हीच कथा पुन्हा मुंबई उच्च न्यायालयातच घडली. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली आणि सरकारच्या कारभाराविषयी समाजमाध्यमांवर जे लिहिले जाते त्यातले खोटे कोणते, हे सरकारनेच नेमलेला तथ्य-तपासणी कक्ष ठरवील, असे योजले. आरोपी तोच, फौजदार तोच, न्यायाधीशही तोच. मूळ २००० च्या कायद्यात अशा कक्षाचा एक शब्द नाही. एका विनोदी कलाकाराने याचिका केली. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठाचे दोन न्यायमूर्ती दोन मतांचे झाले, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींनी २० सप्टेंबरला तो नियम घटनाबाह्य ठरवला. दीड वर्ष! त्या दीड वर्षात लोकसभेने आपल्या नावावर काय जमा केले? विनोद करणाऱ्याने घटना वाचली आणि घटनेची शपथ घेणाऱ्यांनी विनोद केला.

निवडणूक रोख्यांचीही तीच गत. रोख्यांची योजना २ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने आली आणि ७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने विधानसभा निवडणुकीच्या वर्षात विक्रीचे आणखी १५ दिवस वाढवले गेले. हिमाचलचे मतदान तेव्हा पाच दिवसांवर होते. नोटाबंदी? तीही अधिसूचनाच, रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६ व्या कलमाखालची. चलनातला ८६ टक्के पैसा एका संध्याकाळी रद्दी झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती चार विरुद्ध एक मताने उचलून धरली. ‘हे संसदेच्या कायद्याने व्हायला हवे होते’ असे बजावणाऱ्या न्यायमूर्ती नागरत्ना एकट्या पडल्या. एकट्या पडल्या म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही.

पण अधिसूचनेने माणूस मरतो, हे पाहायचे असेल तर २०२० कडे वळा. त्याआधी क्षणभर १८९७ कडे. त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. चार कलमांचा कायदा, आणि त्याचा सारा जीव एका वाक्यात: सरकारला योग्य वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील. चौथ्या कलमाने त्याखाली काम करणाऱ्याला संरक्षणही दिले. त्या वाक्याच्या बळावर रँडसाहेबाचे सोल्जर पुण्याच्या घराघरांत, माजघरांत, देवघरांत घुसले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी काय केले ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. त्या पुणेकरांना संसद नव्हती. त्यांच्यापाशी होता तो अग्रलेख, आणि त्याची किंमत टिळकांनी त्याच वर्षी १८ महिन्यांच्या सक्तमजुरीने चुकती केली.

सव्वाशे वर्षांनी तोच कायदा तसाच्या तसा बाहेर काढला गेला, सोबतीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. २३ मार्च २०२० रोजी संसद बेमुदत तहकूब झाली. २४ मार्चला रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि बारापासून देश बंद. चार तासांची सूचना. पुढे महिनेच्या महिने गृह मंत्रालयाचे आदेश निघत राहिले. कोणती दुकाने उघडी, कोणत्या जिल्ह्याची सीमा बंद, कोणी रस्त्यावर पाऊल टाकायचे आणि कोणी नाही. प्रत्येक ओळ म्हणजे कायदा, आणि एकाही ओळीवर कोणी निवडून आलेला माणूस सभागृहात उभा राहून बोललेला नाही, कारण सभागृहच नव्हते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या कारखान्यातून ते मध्य प्रदेशातल्या गावी निघाले होते, आणि रस्त्यावर अडवतात म्हणून रुळांवरून चालत होते. देश बंद आहे म्हणजे गाड्याही बंद, असे त्यांनी धरले. सकाळी रुळांमधल्या खडीवर त्यांच्या शिदोरीतल्या पोळ्या पसरलेल्या होत्या. तो फोटो ज्याने पाहिला त्याला अधिसूचना हा शब्द पुन्हा नुसता कागदी वाटू नये.

१४ सप्टेंबरला संसद भरली, प्रश्नोत्तराचा तास वगळून. त्याच दिवशी लोकसभेत सरकारने लेखी उत्तर दिले, की टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांची माहिती ठेवलेली नाही. पावणेसहा महिने कायद्याची फॅक्टरी दिवसरात्र चालली आणि हिशेबाची वही कोरी! १८९७ मध्ये आमच्याकडे संसद नव्हती हे दुःख होते. २०२० मध्ये संसद होती, हे दुःख त्याहून मोठे.

गंमत अशी, की जिथे नियम करणे सरकारच्या सोयीचे नसते तिथे हाच कारखाना बंद पडतो. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला १२ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याचे कौतुक आम्हाला नाही, पण तो झाला होता एवढे खरे. नियम सहा महिन्यांत करावेत, असा संसदीय कामकाजाचा दंडक. गृह मंत्रालयाने दोन्ही सभागृहांच्या समित्यांकडे पुन:पुन्हा मुदतवाढ मागितली, समित्यांनी पुन:पुन्हा दिली. नियम उगवले ११ मार्च २०२४ रोजी, लोकसभा निवडणूक जाहीर व्हायला पाच दिवस उरले असताना. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. तोवर तुमची-आमची माहिती उघड्यावर. एकीकडे कांद्याला एका रात्रीत नियम, दुसरीकडे सव्वाचार वर्षे घोंगडे भिजत. घड्याळ एकच, पण किल्ली कोणाच्या खिशात आहे ते पाहा.

हे केवळ आजच्या राज्यकर्त्यांचे पाप आहे, असे म्हणून विरोधकांनी टाळ्या पिटू नयेत. २०११ साली समाजमाध्यमांवरील मजकूर हटवण्याचे नियम काँग्रेसच्या सरकारने केले होते. तेव्हा केरळचे मार्क्सवादी खासदार पी. राजीव यांनी खरोखर कुऱ्हाड उचलली. ते नियम रद्द करा, असा वैधानिक प्रस्ताव त्यांनी राज्यसभेत आणला. १७ मे २०१२ रोजी त्यावर चर्चा झाली, पक्षोपक्षांचे सदस्य बोलले, मंत्री कपिल सिब्बल यांनी सर्वांशी चर्चा करण्याचे आश्वासन दिले आणि प्रस्ताव पडला. पडला खरा, पण त्या दिवशी एका मंत्र्याला एका नियमासाठी सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागले. पुढे २४ मार्च २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांना लगाम घातला. एक माणूस, एक प्रस्ताव, एक दुपार. अशा किती दुपारी आमच्या प्रतिनिधींनी संसदेला दिल्या?

वेळ नाही म्हणता? वेळ तुम्हीच जाळला आहे. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत असे. सतरावी पाच वर्षांत मिळून २७४ दिवस बसली, वर्षाकाठी ५५. तिच्याकडे आलेल्या विधेयकांपैकी जेमतेम १६ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. मूळ कायद्याचीच ही दशा, तर नियमांना कोण विचारतो? पक्षादेशाच्या चाबकाखाली मान हलवायची सवय झालेल्या नंदीबैलांना गुबुगुबु वाजले की पुरते. अधिसूचनेला तर पक्षादेशाचीही गरज पडत नाही, कारण मतदानच नसते. मंत्रालयाला हे सर्वांत आधी कळले. म्हणूनच जे कलम सभागृहात वादग्रस्त ठरेल ते कायद्यात लिहायचे नाही, नियमात लिहायचे. विधेयकात फक्त ‘विहित’ लिहायचे आणि अध्यक्षांनी होय-नाही विचारले की बाके बडवून घ्यायची.

आणखी एक अपमान आहे, तो बारीक दिसतो म्हणून कोणी बोलत नाही. केंद्राचे राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघते. कायदा माहीत नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही, पण ज्या भाषेत निफाडचा शेतकरी पावती वाचतो त्या भाषेत त्याच्या कांद्याचा कायदा निघत नाही. तो त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कळतो, अर्धा खरा, अर्धा खोटा, आणि व्यापाऱ्याला त्याच्याआधी कळतो. २०२० साली पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, तोही या दोनच भाषांत. कोकणातल्या कोळ्याने, मेळघाटातल्या कोरकूने त्यावर हरकती पाठवायच्या म्हणे! दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत तो मसुदा द्या. आमच्या मराठी अस्मितेच्या ठेकेदारांनी दुकानांच्या पाट्या फोडल्या, पण राजपत्राच्या पाटीकडे कधी मान वर करून पाहिले नाही.

कांद्याचे पुढे काय झाले? बंदी मार्चअखेर संपायची होती, ती २२ मार्चला पुढल्या आदेशापर्यंत लांबवली. एप्रिलात २,००० टन पांढरा कांदा बाहेर जाऊ द्यायचे ठरले, तो गुजरातचा. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क यांची बेडी घालून. २० मे रोजी नाशिक, दिंडोरीत मतदान होते. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर, किमान दर गेला आणि शुल्क निम्मे झाले. उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ ला उठले. ‘मुक्त’, ‘निषिद्ध’, पुन्हा ‘मुक्त’, मध्ये दर, मध्ये शुल्क: दीडएक वर्षात शेतकऱ्याने किती कायदे पेरले आणि किती कापले! आणि या साऱ्या अधिसूचनांचा जाब विचारला कोणी? संसदेने नाही, मतदाराने. पाच वर्षांतून एकदा, बोटाच्या शाईने.

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ असे ६७ खासदार आहेत. येत्या अधिवेशनात दुपारी बारा वाजता पत्रे पटलावर ठेवली जातील, तेव्हा या ६७ जणांपैकी एकाने तरी उठावे. यादीतला एक क्रमांक घ्यावा, ते राजपत्र ग्रंथालयातून मागवावे, वाचावे, आणि ते रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा वैधानिक प्रस्ताव आपल्या सहीने द्यावा. तो पडेल. राजीव यांचाही पडला होता, पडू द्या. पण आवाजी मतदानावर निभावू देऊ नका. मतविभाजन मागा, होकार-नकाराची नावे नोंदवून घ्या आणि ती यादी आमच्याकडे पाठवा. लासलगाव बाजार समितीच्या फलकावर रोज सकाळी खडूने कांद्याचा किमान, कमाल आणि सरासरी भाव लिहितात. त्याच्या खाली बरीच जागा मोकळी असते.